चाचांचा देवमासा

साठच्या सुमारास मी अकोल्यात मास्तर होतो. शाळेसमोर चहाचं हॉटेल चालवणारे चाचा तरुणपणी एका लहान बोटीवर खानसामा होते. बर्फाच्या डोंगरांमधल्या खाड्यांतून ती बोट साहेबलोकांना जनावरं दाखवत फिरे. मे महिन्यात गिऱ्हाइकं घामाघूम झाली, की चाचा देवमाशाच्या गोष्टी सांगत.

एकदा मी विचारलं, "चाचा, खरंच पाहिला होता का?"

"नाई, मास्तर," ते हळूच म्हणाले. "साहेबलोक वरतं दुर्बिणी लावून पाहून राहिले होते, अन् मी खाली त्यायचं आमलेट करून राहिलो होतो. तव्यावरचं सोडून कसा जाऊ?"

तेवढ्यात नवं गिऱ्हाईक आलं. देवमाशाची शेपटी दाखवायला चाचांनी दोन्ही हात पसरले. मी बाकावर सरकून शेपटीला जागा करून दिली.