मोजलेल्या भाकरी

पिशोरच्या स्टँडवर दादा माझ्या पत्र्याच्या पेटीवरून कंडक्टरशी भांडत होता आणि वडील, म्हणजे आमचे नाना, मला शेवटची ताकीद देत होते. "तिथं पोट मारून राहू नको. आपल्या घरात खाण्याला कधी मोज नव्हती, ध्यानात ठेव." बारावी होऊन शहराच्या कॉलेजात निघालेली मी आमच्या भावकीतली पहिली मुलगी. दादानं दहावीनंतर शाळा सोडून औत धरलं, म्हणून मला जाता आलं. फुलंब्री येईपर्यंत मी रडले. मग शेजारची बाई विचारू लागली की पेटीत काय काय आहे, लग्न ठरलंय का, आणि रडायचं राहून गेलं.

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी, जे गावात राहिलात, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. मी उपकार विसरलेली नाही. पण मला राग आहे, आणि तो एकदा नीट सांगायचा आहे.

खाण्याला मोज नाही, हे आमच्या घराचं मोठेपण होतं. धान्याच्या कणग्या भरलेल्या, दारात दोन म्हशी. जेवणारा हात आडवा धरेपर्यंत ताटात भाकरी पडत राहायची. कितवी, हे कोणी बोलायचं नाही. जेवत्या माणसाच्या भाकरी मोजल्या की नजर लागते, खाल्लेलं अंगी लागत नाही, असं मानायचे. लहानपणी मी दादाला "ही पाचवी" म्हणाले, तर मायनं माझ्या पाठीत उलथनं घातलं होतं.

औरंगाबादेत (तेव्हा सगळे हेच नाव घ्यायचे) मी औरंगपुऱ्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथं मेसमध्ये एक मावशी वाढायच्या, सगळ्या मुली त्यांना खाला म्हणायच्या. त्या भर पंगतीत ओरडायच्या, "पिशोरवाली, चार हो गए तेरे! हौर कित्ते खाती गे?" सगळ्या मुली हसायच्या. मला ते आईवरून शिवी दिल्यासारखं लागायचं. कितीतरी दिवस मी तिसऱ्या चपातीलाच हात धुऊन उठत होते.

माझा विषय गृहविज्ञान. आहारशास्त्राच्या बाईंनी शिकवलं की माणसाला दिवसाला किती कॅलरी लागतात हे त्याच्या वयावर, वजनावर आणि मुख्य म्हणजे कामावर ठरतं. बसून काम करणाऱ्या बाईला दोन हजारांच्या आसपास पुरतात. दिवसभर शेतात राबणारीला त्याहून पुष्कळ जास्त हव्यात, आणि पोटात बाळ असेल तर त्याच्यावर आणखी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण दीडशेच्या पुढं असतात. हे ऐकलं आणि माझ्या मनातली मोजण्याची लाज गेली. कोणाला कमी पडतंय हे कळायचं असेल तर मोजावं लागतं, इतकं ते सरळ होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या उत्साहानं घरी सांगितलं. नाना हसले. "म्हंजे आता दाण्यावानी माणूस बी मापात घालायचा व्हय?"

पुढं मी पदवीधर झाले, शहरातच शिकवायला लागले, सिडकोत दोन खोल्या घेतल्या. दादाचं लग्न झालं. वहिनी, कविता तिचं नाव, कापूस वेचताना शेतात चक्कर येऊन पडली तेव्हा तिला सहावा महिना होता. दादा आणि माय तिला घेऊन माझ्याकडे शहरात आले. मी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. वजन वाढलेलंच नाही. असंच राहिलं तर बाळ धोक्यात आहे आणि ही पण. घरी खायला मिळत नाही का हिला?"

माय भडकली. "आमच्या घरात काय कमी हाय ओ? दूधदुभतं हाय, धान्य हाय. तिला खायला नको कोण म्हणतं?"

माय खोटं बोलत नव्हती. खरंच कोणी नको म्हणत नव्हतं.

मग आहारतज्ज्ञ मुलीनं समजावलं की हिच्या पोटात दिवसाला एवढ्या एवढ्या कॅलरी गेल्याच पाहिजेत. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. ओट्स, सफरचंद, शहाळं. माय "व्हय, व्हय" करत राहिली. कापसाच्या सरीत उभ्या असलेल्या बाईला शहाळं कोण आणून देणार, हे त्या मुलीला विचारायचं सुचलं नाही. घरात आधी कोण जेवतं, हेही तिनं विचारलं नाही. ते मी बाहेरच्या बाकावर विचारलं.

"वहिनी, काल संध्याकाळी किती भाकरी खाल्ल्या?"

ती गोंधळली. "उरतील तेवढ्या खाते की वन्सं."

"आणि नाही उरल्या तर?"

"एकटीसाठी परत पीठ कुठं मळायचं? चूल बी इझलेली असती."

हे ती तक्रार म्हणून बोलत नव्हती. सगळ्याच बायांचं जे असतं ते सांगत होती. त्या बाकावर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. भरल्या कणगीच्या घरात एक पोटुशी बाई उरलंसुरलं खाऊन दिवसभर कापूस वेचत होती आणि तिला कोणी उपाशी ठेवलेलं नव्हतं! ज्या घरात कोणाचीच भाकरी मोजत नाहीत, तिथं शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात काय पडलं हे कोणाला ठाऊकच नसतं. ज्या मोठेपणाचा आम्हाला एवढा अभिमान, त्याच्याखाली ही भूक झाकलेली होती.

मी त्यांच्याबरोबर पिशोरला गेले. संध्याकाळी मायला म्हणाले, वहिनीचं ताट नाना-दादांबरोबर वाढ.

"सासऱ्याच्या म्होरं बसून जेवंल व्हय ती? डोकं फिरलं का तुझं?" वहिनी चुलीपुढं बसली आणि भाकरी थापू लागली. माय वाढायला उभी राहिली.

मग मी उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं मोजायला लागले.

"नाना, ही तिसरी." मायचा हात तिथंच थांबला. "दादा, तुझी चौथी. टोपल्यात एक राहिली अन् परातीत पीठ संपलं. अजून तीन बाया जेवायच्या आहेत अन् पोटातलं एक."

असं कोणी आमच्या घरात कधी केलं नव्हतं. नानांनी घास खाली ठेवला आणि अर्ध्या ताटात हात धुतला. "तुला शिकवली ती बापाचे घास मोजायला?"

"जेवता माणूस उठवला गं!" मायनं कपाळावर हात मारला. "जा तू औरंगाबादला, तुझ्या कॅलऱ्या तिथंच ठेव. आमच्या घरात नको आणू."

नाना उठून बाहेर गेले. मी उंबऱ्यावरून उठले नाही. आता दादाही उठेल असं मला वाटलं, आणि तो उठलाच. ताट हातात घेऊन चुलीपाशी आला. "कविता, बस."

"असं काय करता? मामंजी काय म्हणतील..."

"त्यायला काय म्हणायचं ते म्हणू दे. तू तिकडं येत नाय, तर मी हितं बसतो." आणि तिनं तुकडा मोडेपर्यंत तो ताट पुढ्यात ठेवून नुसता बसून राहिला. डब्यातलं पीठ काढून त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा मळलं ते मी. वहिनीनं भाकरी खाल्ल्या. रडत खाल्ल्या, पण तव्यावरून उतरलेल्या गरम खाल्ल्या.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. दादा-वहिनी तेव्हापासून एकत्र जेवतात. नाना मात्र ओसरीवर एकटे जेवायला लागले. माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत, आता बोलतात, पण मी दारात दिसले की आधी, "आल्या का मोजणाऱ्या बाई?" शिकलेल्या पोरीनं घर फोडलं, असं गावात अजूनही म्हणतात. म्हणा.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. स्टाफरूममधल्या माझ्या मैत्रिणी मोबाईलवर कॅलरी मोजतात. वाढदिवसाचा केक आला की एकीचा घास तोंडापर्यंत जातो आणि परत येतो. "मॅडम, वजन उतरवायला दिवसाला किती खाऊ?" मला विचारतात, मी सांगते, माझं कामच आहे ते. पण सांगताना आत काहीतरी पेटतं. इथं एक घास जास्त गेला तर त्याची नोंद होते. पिशोरला, फुलंब्रीला, चुलीपाशी शेवटी बसणाऱ्या बाईच्या पोटात किती गेलं, हा प्रश्नच अजून कोणाला पडलेला नाही. आकडा एकच आहे; इथं तो जास्त होतो म्हणून मोजतात, तिथं कमी पडतो तरी कोणी मोजत नाही.

निघून आलेल्यांनो, तुम्ही फोनवर घरी विचारता, "जेवलीस का?" तिकडून "जेवले" येतं आणि तुम्हाला बरं वाटतं. त्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. कोणाच्या नंतर जेवलीस, गरम होतं का, पुरलं का, ते विचारा. भांडण होईल. होऊ द्या.

माझं स्वतःचं भांडण अर्धंच झालं आहे. मी गेले की दादा, वहिनी, पोरगी आणि मी चुलीपाशी गोल बसतो. माय बसत नाही. "तुमचं होऊ द्या," म्हणते. मी हात धरून ओढलं तर सोडवून घेते. "माझं वय झालं गं, आता माझं काय मोजती?" मला तिचा राग येतो आणि तिच्यासाठी राग येतो, आणि हे दोन राग मला वेगळे करता येत नाहीत. ज्या घरानं मला शिकायला पाठवलं ते माझं घर आहे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ज्या दिवशी माय आमच्या शेजारी बसून पहिली भाकरी घेईल, त्या दिवशी मी घरी पोचले असं म्हणेन. तोवर मी तिथं पाहुणी आहे, आणि भांडायला येणारी पाहुणी.