डॉक्टरांची दुसरी टेस्ट

आर्णीच्या आमच्या दवाखान्यात 'गॅस' हा शब्द उच्चारायला बंदी होती. छाती धरून आलेला माणूस "गॅस झाला वाटते" म्हणाला, की बापू डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवत. "थे तू कायले सांगून राह्यला? तुयं रक्त सांगन." मग मला हाक. मी त्यांच्याकडे लॅब सांभाळायचे. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि टेस्टच्या पट्टीवर नेहमीच्या रेघेला जोडीची दुसरी रेघ उमटते.

रेघ आली नाही म्हणून पेशंट चप्पल शोधू लागला, तर डॉक्टर त्याला काही तासांनंतरच्या दुसऱ्या टेस्टसाठी पुन्हा आडवं करत. "रक्ताले टाइम दे बाप्पा. आता दुखलं न आताच दिसलं, असं नसते." सोयाबीनची सोंगणी टाकून आलेली माणसं पलंगावर पडून मनातल्या मनात शिव्या देत. काहींचे जीव त्यामुळेच वाचले. शिव्या मात्र थांबल्या नाहीत.

एका सकाळी डॉक्टरच घामाघूम होऊन खुर्चीत बसले. डावा हात चोळत होते. ईसीजीत फारसं काही दिसलं नाही. मॅडमनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला रक्त घ्यायला लावलं. रेघ नव्हती.

"पाह्यलं?" डॉक्टर खूश. "काल भरीत जास्त झालं. गॅस आहे."

बंदी उठल्याचं आम्हाला असं कळलं.

ते पेशंट तपासायला उठले, तर मॅडम दारात उभ्या. "झोपा. दुपारी पुन्हा रक्त घ्यायचं आहे."

"डॉक्टर मी आहो का तू?"

"आत्ता तुमी पेशंट आहा."

दुपारपर्यंत ते आम्हा दोघींना अडाणी ठरवत पडून राहिले. बाहेर बाकावरचे पेशंट मोठ्या समाधानाने ऐकत होते.

दुसऱ्या वेळी मी पट्टी त्यांच्यासमोरच ठेवली. रेघ हळूहळू उमटली. डॉक्टरांनी चष्मा लावून पट्टी पाहिली. मग मॅडमचा हात धरून एवढंच म्हणाले, "गाडी बोलाव." त्यांना यवतमाळला नेलं. अडलेली रक्तवाहिनी वेळेत मोकळी झाली.

यंदा दवाखाना बंद करून ते मुलीकडे नागपूरला निघाले, तेव्हा निरोपाला अख्खी गल्ली जमली. भाषणात डॉक्टरांनी तो दिवस रंगवून सांगितला. "पयल्या टेस्टमधी काईच नाही. ही म्हणे, झालं, आता उठा. मी म्हटलं, नाही! दुसरी टेस्ट केल्याबिगर मी हालत नाही!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी कौतुकाने मॅडमकडे पाहिलं.

"हो ना," मॅडम म्हणाल्या, "ऐकतच नव्हते."