फुकटचे ठोके

आमच्या यांना ऑर्केस्ट्रात सगळे ठेकेदार म्हणतात. रस्ते-बिस्ते बांधणारे नव्हेत. बावीस वर्षं गाण्यांना ठेका देत आलेत म्हणून. यांचं वाद्य म्हणजे एक जुनं रिदम मशीन. बुटांच्या खोक्याएवढं, राखाडी, वर रबरी बटणांची रांग. एक दाबलं की ढोल, दुसरं दाबलं की झांज. बाकीचे लोक असल्या मशीनमध्ये ठेका एकदा भरून ठेवतात आणि हाताची घडी घालून उभे राहतात. यांना ते कधी पटलं नाही. हे प्रत्येक ठोका बोटाने वाजवतात, तोही गायकाचा श्वास बघून, किंचित उशिरा. हा उशीर संसारातही आहेच. मी बरी दिसते, हे म्हणायला यांना सात वर्षं लागली.

तर हे मशीन म्हातारं झालं. तापलं की ढोल खाली बसायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत ओल्या गादीवर काठी मारावी तसा नुसता थप्प आवाज. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "याचा पार्ट आता जगात कुणी बनवत नाही." सांगताना त्याला जरा आनंदच झाला होता, मी पाहिलं ना. सहा आठवड्यांवर मोठा कार्यक्रम आलेला. ऑर्केस्ट्राच्या मालकाने यांना स्वच्छ सांगितलं, "ठेकेदार, आवाजाची सोय करा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

हे घरी आले ते थेट माझ्यासमोर येऊन बसले. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"अगं, तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस. त्याच्यावर म्हणे जुन्या मशीनचे आवाज फुकट मिळतात. बघतेस का?"

मी छापखान्यात टायपिंग आणि मांडणी करते. लेटरहेड, माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर. आमच्याकडे एक शिस्त आहे. काम पुरं झालं असं केव्हा म्हणायचं? उद्या आपण आलो नाही तरी कुणीही परका ऑपरेटर फाइल उघडून कुणाला न विचारता पुढे जाऊ शकेल, तेव्हा. प्रत्येक फाइलला नीट नाव, सोबत सूचनांचा कागद. आपल्या डोक्यात काही शिल्लक ठेवायचं नाही. ही शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली आहे की साहेब नव्या मुलींना माझ्या फाइली दाखवतात.

फुकट वस्तू शोधणं हा काय ताप असतो, ते मला पुढच्या दोन आठवड्यांत कळलं. पहिला प्रोग्रॅम फुकट होता, पण दर मिनिटाला टूं करून "विकत घ्या" म्हणायचा. दुसरा तीस दिवसांचा पाहुणा. तिसऱ्याने माझा ईमेल मागितला, तेव्हापासून मला रोज गिटार शिकण्याचं आमंत्रण येतं. चौथ्याने सोबत आणखी तीन प्रोग्रॅम आणून बसवले, जसा एखादा नातेवाईक अख्खं बिऱ्हाड घेऊन येतो. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी हौसेने बनवलेला एक सापडला. दिसायला भयंकर, पण खरोखर फुकट. कॉम्प्युटरच्या ज्या बटणाला जो आवाज द्याल, तो ते वाजवणार.

मग आवाजांचा शोध. जुन्या मशीनच्या आवाजांची गाठोडीच्या गाठोडी तिथे पडलेली. मी उतरवून घ्यायची, हे हेडफोन लावून निकाल द्यायचे.

"हा ढोल आहे का पत्र्याचा डबा?"

"ही झांज शिंकते."

"याला कुणीतरी धुऊन इस्त्री केलीय गं."

एके दिवशी हुबेहूब यांच्याच मॉडेलचे आवाज मिळाले. हे डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "मशीन हेच आहे. पण दुसऱ्याच्या घरचं."

लग्नाआधी कधीतरी यांनी मशीन उघडून आतला एक बारीक स्क्रू पिळला होता. त्याने ढोल खोल झाला होता. तसा ढोल जगात दुसरीकडे नव्हता. फुकटही नाही आणि विकतही नाही.

"मग तुमच्याच मशीनचे आवाज भरून घेऊ या," मी म्हणाले. मीच म्हणाले. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

मशीन थंड असताना वीस मिनिटं धड वाजायचं. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही बसायचो. मशीनची वायर कॉम्प्युटरला, यांची बोटं बटणांवर, माझं बोट माउसवर. प्रत्येक आवाज हलका, मध्यम, जोरात. मग पुन्हा, कारण दोन ठोके कधी सारखे नसतात. दोनदा दूध उतू गेलं, तरी मी ओरडले नाही. खरं सांगते, इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका कामाला असे कधी लागलोच नव्हतो. मला फार बरं वाटत होतं.

पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. गाणं लावून हे त्याच्याबरोबर वाजवायला लागले, तेव्हा तीत यांचा उशीरही दिसायला लागला. मी मोजला. संथ गाण्यात इतका, कडव्याच्या तोंडाशी जास्त, उडत्या गाण्यात जवळपास नाहीच. मी विचारत गेले, हे सांगत गेले. असं का, तसं का, या गायिकेला वेगळं का. चाळीस गाणी झाली. एक बटण दाबलं की गाण्याचा अख्खा ठेका उशिरासकट वाजेल, असं सगळं प्रोग्रॅममध्ये भरलं आणि सोबत दोन पानी कागद काढला, गाण्यांच्या क्रमाने, तक्ता करून.

"माझा उशीर मोजलास?" यांना हसू आवरेना. "अगं, मलाच माहीत नव्हता तो इतका." तो कागद यांनी दुरुस्तीवाल्याला नेऊन दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला. मग पेनड्राइव्ह आणि कागद खिशात घालून तालमीला गेले. "आता मशीन मेलं तरी मी आहे," असं म्हणून गेले.

पहिल्या तालमीला यांनी मालकाच्या लॅपटॉपवर वाजवून दाखवलं, मालकाने यांची पाठ थोपटली. दुसऱ्या तालमीला म्हणाला, फाइल कीबोर्डवाल्याच्या लॅपटॉपमध्येही असू दे, अडीअडचणीला. तिसऱ्या तालमीची वेळ यांना कुणी कळवलीच नाही. हे अंदाजाने निघाले. माझी सुट्टी होती, मीही सोबत गेले.

हॉलच्या पायऱ्यांवरच आम्हाला यांचा ढोल ऐकू आला. हे जागीच थांबले. मग आत गेलो. कीबोर्डवाला दोन्ही हातांनी सुरावट वाजवत होता आणि ठेका लॅपटॉपमधून येत होता. किंचित उशिरा, श्वास बघितल्यासारखा. स्टँडवर माझा कागद होता. त्याने तो लॅमिनेट करून घेतला होता.

"वहिनी!" तो मनापासून म्हणाला, "काय काम केलंय तुम्ही! मला कुणाला काही विचारावंच लागलं नाही."

छापखान्यात याहून मोठी शाबासकी नसते. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक पुढे आला. "स्टेज तसंही लहान आहे. ठेकेदार, बावीस वर्षं उभे आहात, आता जरा टेका. आणि आवाज तर तुमचाच आहे!"

"हो," हे म्हणाले. "आवाज माझाच आहे."

"मग पत्रकावर यांचं नाव घाला," मी म्हणाले.

"वहिनी, पत्रकावर स्टेजवरच्या माणसांची नावं असतात."

मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात फक्त पर्स होती. यांनी माझा दंड धरला आणि आम्ही घरी आलो.

घरी मी रडले, भांडले. म्हटलं, माझीच अक्कल गहाण पडली होती. जा आणि त्याच्या लॅपटॉपमधून सगळं पुसून टाका. हे खिडकीपाशी बसून होते. "चूक कसली," म्हणाले, "काम तर चोख केलंस." टोमणा असता तर मी सोसला असता. पण हे खरंच तसं समजत होते.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मालकाचा फोन आला, तोही माझ्या मोबाइलवर. एका गाण्यात टाळी लागते. मशीनवरचं टाळीचं बटण कधीच गेलं होतं, त्यामुळे त्या गाण्यात हे माइकपुढे जाऊन हातांनी वाजवत. ती तेवढी राहिलीय, पाठवता का?

"सांगते, हात मोडलेत म्हणून," मी फोनवर हात ठेवून म्हणाले.

पण यांनी कपड्यांचं कपाट उघडलंसुद्धा होतं. कपड्यांत आवाज घुमत नाही, हे यांना तेवढ्या दिवसांत पक्कं कळलं होतं. मोबाइल साड्यांच्या घडीवर ठेवायला लावला आणि कपाटात वाकून टाळी वाजवली. ऐकली. पोकळ आली म्हणाले. पुन्हा वाजवली.

"कशीही जाऊ दे ना! त्यांना काय कळतंय!"

"लोकांसमोर वाजणार आहे ती," हे म्हणाले आणि शर्टाला तळवे पुसले.

सातव्यांदा मनासारखी आली. मी पाठवली. दोन मिनिटांत मालकाचं उत्तर आलं: उत्तम. ठेकेदारांसाठी पास ठेवतो, नक्की या.

यांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

"एकच ठेवतोय का? दोन मिळतील का, विचार ना," हे म्हणाले. "तूही कधी समोर बसून मला ऐकलं नाहीस."

मी टाइप केलं, दोन हवेत.