सासऱ्यांनी सांगितलेले तास

मस्तगडात आमच्या घरामागे भंगाराचं गोदाम होतं. तिथल्या जुन्या लोखंडात किरणोत्सर्गी धातूचा तुकडा सापडला. सरकारी माणसं आली आणि तो शिशाच्या पेटीत घालून घेऊन गेली. दोन दिवसांनी एक साहेब फॉर्म घेऊन दारात हजर. कोण किती वेळ त्या तुकड्याजवळ होतं, त्यावरून कुणाच्या अंगाला किती किरणं लागली याचा अंदाज काढायचा होता. यंत्राने दाखवलेला आकडा गुणिले तास. एवढं सोपं गणित मला तेव्हाच खटकलं. तास खरे सांगणार कोण?

आमच्या मारवाडी घरात सून सासऱ्यांसमोर बोलत नाही. मी तोंडावर पदर ओढून दाराआड उभी, पाचवा महिना चाललेला. सासरे दिवसभर दुकानात. दुपारी घरात काय चालतं याची त्यांना गंधवार्ताही नसते, पण उत्तर द्यायला तेच पुढे.

"सून घरातच ऱ्हाती, साहेब. मागं बिलकुल जात न्हाई."

साहेबांनी शून्य लिहिलं. मी तर रोज दुपारी मागच्या अंगणात, गोदामाच्याच भिंतीला पाठ टेकून गहू निवडत बसायचे. सावली तिथेच असायची.

आठवड्याने कागद आला. धोका नगण्य. सासऱ्यांनी पेढे आणले. मला त्या कागदाचा, साहेबांचा, अगदी पेढ्यांचाही संशय येत होता. बाळ पोटात हललं की वाटायचं, हे नेहमीसारखंच हलतंय ना? सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "कागदावर बराबर लिहून आलंय ना? मंग आता कशाला?" असा संताप आला होता मला!

साहेब सही घ्यायला परत आले, तेव्हा मी पदराआडूनच म्हणाले, "रोज तीन तास. मागच्या भिंतीला टेकून."

सासऱ्यांचा चहा बशीतच राहिला. साहेबांनी पेन काढलं. "किती दिवस?"

"तुकडा कधीपासून होता ते तुम्ही सांगा."

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी गोदामवाल्याने सांगितले तेवढे दिवस धरले. म्हणजे पुन्हा एका पुरुषाचाच शब्द.

नवा आकडा बराच मोठा निघाला, तरी मर्यादेच्या आत, असं साहेब म्हणाले. मुलगी झाली, ठणठणीत आहे. पण तिला साधा ताप आला तरी मला तो आकडा आठवतो.

परवा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून आहे? सासरे सवयीने बोलायला गेले आणि थांबले.

"तिच्या आईला इचारा," ते म्हणाले. "मला म्हाईत न्हाई."