सहा ते बारा

मी हे लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिण्याचा अधिकार असलेल्या माणसांत मी बसत नाही. त्यात पुन्हा, जे घडलं ते माझ्या वाचण्यामुळेच घडलं. म्हणून आधीच माफी मागतो.

मागचं महायुद्ध ज्या दोन देशांनी मिळून जिंकलं, त्यांच्याच आरमारांची यंदा आमच्या समोरच्या समुद्रात जुंपली. मी शाळेत असताना त्यांची जहाजं आमच्या काशीद गावासमोरून एका रांगेत जायची आणि आम्ही पोरं किनाऱ्यावरून हात हलवायचो. आता तेलाच्या जहाजांची झडती कुणी घ्यायची यावरून ती एकमेकांवर तोफा डागत होती. आमचा देश कुणाच्याच बाजूने नव्हता, तरी खिडक्या आमच्या हादरत होत्या. पहिले दोन दिवस भीती वाटली, मग नुसता शीण आला. होड्या वाळूत पडून, बोंबील वाळवायच्या दोऱ्या रिकाम्या, पर्यटकांच्या खोल्यांना कुलपं. माणसं धक्क्यावर बसून तेच तेच बोलत. माझ्या बाची, वडिलांची, जाळी मात्र पाण्यातच राहिली होती.

बाराव्या दिवशी माझ्या मोबाइलवर इंग्रजीतली एक सूचना आली. मच्छीमारांना जाळी काढता यावीत म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही आरमारं सहा तास तोफा बंद ठेवणार होती. ०६०० ते १२००. मी ती धक्क्यावर मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितली.

"मच्छीमार सोसायटीचा कागद येऊ दे रं," शेजारचा काका म्हणाला. तो बाच्याच होडीवर काम करतो. "पोर चार बुकं शिकला म्हनून काय दर्याचा मामलेदार झाला?"

"सोसायटीत कोन वाचतंय?" बा म्हणाला. "मला अक्षर येत न्हाय, पन माझ्या पोराला येतंय. सहाला निघायचं."

"मंग निघू. बुडलो त तुझ्या पोरालाच अर्ज लिवायला लावू."

सगळे हसले. बाही हसला. चारचौघांत तो माझ्याबद्दल असं कधी बोलला नव्हता. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सकाळी सहाला ते दोघे गेले. बाकीच्या होड्या कागदाची वाट पाहत थांबल्या. आठच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. मी सूचना पुन्हा उघडली. वेळेपुढे तीन इंग्रजी अक्षरं होती, यूटीसी. म्हणजे ग्रिनिचची वेळ. आपल्याकडे साडेअकरा ते साडेपाच. हे मला भूगोलात होतं, परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते. ती अक्षरं आदल्या दिवशीही मला दिसली होती. मी त्यांच्यापाशी थांबलो नव्हतो.

दुपारी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हंजे त्यांचं घड्याळ येगळं?"

"व्हय."

"मंग तसं लिवायला नको?"

"लिहिलं होतं."

तिने भाकरी तव्यावर टाकली. शेजारी काकीला सांगायचं मला धाडसच झालं नाही.

अंधार पडला तरी होडी परतली नाही. मग पोलीस ठाणं, मत्स्य खात्याचं ऑफिस, पुन्हा पोलीस ठाणं. सगळीकडे होडीचा रंग सांगायचा, दोघांचे कपडे सांगायचे, निघाल्याची वेळ सांगायची. घरी आलो तरी झोप लागत नसे. एवढंच ठरवलं होतं की बा परत आला की दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच त्याला सांगायचं, वेळ मी चुकीची वाचली. मग तो मारो, बोलणं टाको. पण हे त्याने माझ्या तोंडून ऐकावं.

सातव्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. काका होता. त्यांना एका मालवाहू जहाजाने उचलून गुजरातेतल्या बंदरात उतरवलं होतं.

"दोघं जित्ते हाव रं. होडी गेली. तुझ्या काकीला सांग."

"काका, बाला फोन दे."



"देऊन काय करू, पोरा? गोळा बाजूलाच पडला. त्याच्या दोनी कानांत आता कायच शिरत न्हाय. डॉक्टर म्हनतो, पुन्हा कधी ऐकू येनार न्हाय."