एका माणसापुरतं अंडं

बाइंडर, तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. काही सांगायचं झालं की मी भिंतीवर थाप मारायची आणि तुम्ही गॅलरीत यायचात. आता भिंतीपलीकडे रंगारी आहेत, दिवसभर रेडिओ लावून बसतात. तेव्हा लिहिते. तुमची हकिगत इतरांनाही सांगायची आहे, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा ऐकावं लागेल. निमूट ऐका.

तर, माझ्या या शेजाऱ्यांनी जन्मभर पुस्तकं बांधली. दुकान बंद केलं तेव्हा पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा घरी आणून त्यांनी थेट जेवायच्या टेबलावर ठेवला. बायको म्हणाली, "आता ताटं काय याच्या डोक्यावर मांडू?" ती गेली आणि ताटं मांडायचा प्रश्नच मिटला. सकाळी चहा-पाव, रात्री पाव-चहा. डॉक्टरांनी रक्त तपासून झाप झाप झापलं, "पालेभाजी खा, अंडी खा, माणसासारखं जेवा!" दुसऱ्या गावाहून मुलगी आली. बापाचं तोंड बघून तिनं सरळ सांगितलं, "बाबा, महिनाभर बघते. स्वतःचं स्वतः करून नीट खाल्लंत तर राहा इथे. नाहीतर खोली सोडायची आणि माझ्याकडे यायचं."

बाइंडरांना जायचं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाई, अंडं कसं करतात?"

पालक तर गॅलरीतच होता. बायकोनं फुटक्या टबात लावलेला, नुसता माजला होता. हे रोज पाणी घालायचे, पण एक पान तोडतील तर शपथ.

"अहो, कापा की," मी कठड्यावरून ओरडले.

"तिनं लावलाय, बाई."

"खायला लावलाय. बघत बसायला नाही!"

शेवटी माझ्याच कात्रीनं कापला. पण गृहस्थांनी काय करावं? धुतलेली पानं टीपकागदात घालून शिकंज्यात आवळून ठेवली. ओलं काही पुढच्या कामाला घ्यायचं नाही, ही धंद्यातली सवय! संध्याकाळी उघडलं तर आत हिरवा लगदा.

"याला कव्हर कुठल्या रंगाचं घालणार?" मी विचारलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मग धडा नीट दिला. थोड्या तेलात ठेचलेला लसूण, त्यावर चिरलेला पालक. पाणी आटेपर्यंत धीर धरायचा. मधोमध चमच्यानं खळगा करायचा, त्यात अंडं फोडायचं, मीठ, मिरपूड, झाकण. पांढरं घट्ट झालं की उतरवायचं. यात अवघड काय आहे? त्यांनाही जमलं. रोज दुपारी भिंतीपलीकडून लसणाचा वास येऊ लागला. गालांवर रंग आला. मी मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं.

महिना सरत आला आणि मुलगी न कळवता भर दुपारी दारात. तिनंच मला हाक मारली, "मावशी, या ना." बाइंडर टेबलाशी, पुढ्यात पुसून खाल्लेली ताटली. समोरच्या बाजूला दुसरी ताटली, भरलेली, वर झाकण. मुलीनं त्यातलाच घास घेतला.

"बाबा, आईपेक्षा मीठ बरं पडलंय."

"हळू बोल," ते म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, जिंकलो.

मग तिनं विचारलं, "पण हे वाढलंत कुणाला? मावशींना?"

मी मान हलवली, मला जेवायला कुणी बोलावलंच नव्हतं.

"रोज वाढता?"

"टाकत नाही गं. संध्याकाळी मीच खातो. गार."

आईच्या रिकाम्या जागेकडे बघून तिचा चेहराच उतरला. खाण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "परवा गाडी घेऊन येते," एवढंच म्हणाली आणि बॅग कुठे आहे ते शोधायला आत गेली.

बाइंडर, तेव्हा तुम्ही गॅलरीत येऊन मला हळूच सांगितलंत, "दोष तव्याचा आहे, बाई. मोठ्या तव्यात एकच अंडं टाकलं की ते हरवल्यासारखं दिसतं. म्हणून दुसरं फोडतो. लहान तवा घेतला तर एकावर भागतं हे मुलीला दाखवता येईल." अहो, हे आधी बोलला असतात तर दुसरी ताटली मी खाल्ली असती. मी तरी कुणाबरोबर जेवते?

उद्या संध्याकाळी भांडीवाल्याकडे जायचं ठरलं. तुम्ही तवा निवडायचा, भाव मी करायचा. गाडी परवाची होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली आणि तुम्हाला घेऊन गेली. मी संध्याकाळी साडी बदलली, पिशवी घेतली, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.