तीन फुटांचं जोतं

पुलेंग क्वुथिंगच्या शाळेत गणित शिकवायची. काटकोन त्रिकोण हा तिचा हातखंडा विषय. एक बाजू नि एक कोन सांगा, उरलेलं ती बोलता बोलता काढून द्यायची.

तिचा नवरा सेचाबा सोन्याच्या खाणीत होता. दरड कोसळली, कमरेखालचं अंग लुळं पडलं आणि तो चाकाच्या खुर्चीत बसून घरी आला. चौघांनी खुर्ची उचलून आत ठेवली. तो खाली मान घालून बसला होता.

"मला उतार करून दे," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "माझा मी खाली जाईन, माझा मी वर येईन. कुणी उचलायला नको."

पुलेंगने टेप काढली. जोतं तीन फूट. दारापासून रस्त्यापर्यंत अंगण दहा फूट. कोन जवळजवळ सतरा अंशांचा येत होता. खुर्ची हातांनी ढकलत चढायची तर पाचाच्या वर नको. तिने तो कोन धरून पाया काढला. चौतीस फूट. चूक झाली असेल म्हणून पुन्हा काढला. तेवढाच आला.

डाव्या हाताला ओघळ, मागे कडा. उजवीकडे म्हातारे मोखेले यांचं आवार. भिंतीलगत वळवून न्यायला तिकडे जागा होती, पण त्या पट्ट्यात त्यांच्या दोन मुलांच्या कबरी होत्या. तरी ती विचारायला गेली. म्हाताऱ्याने तिला बसवलं, मक्याच्या पिठाचा घट्ट पापा नि पालेभाजी पुढे केली.

"मी हो म्हणेन गं पोरी. पण खाली निजलेत त्यांना कोण विचारणार?"

ती जेवून परत आली.

"जोतं थोडं उतरवता येईल का हो?" तिने घरी विचारलं.

"घर पाडावं लागेल." सेचाबा हसला, पण डोळे कोरडे होते. "पावसाचं पाणी शिरू नये म्हणून मीच गवंड्याच्या मागे लागून उंच करवलं ना."

शेवटी दहा फुटांतच सिमेंटचा उतार घातला. त्याने हट्टाने एकट्याने चढायचं ठरवलं. निम्म्यावर दंड थरथरायला लागले, खुर्ची मागे सरकली. पुलेंगने पाठ लावून ती अडवली. ना वर, ना खाली, दोघं तिथेच अडकली.

"सोड," तो म्हणाला.

"कशी सोडू?"

रस्त्याने जाणारी बाई धावत आली, तेव्हा सुटका झाली.

त्यानंतर त्याने उताराचं नाव काढलं नाही. रविवारी चर्चमधले दोघेजण येतात, त्याला खाली उतरवतात. एरवी तो गुडघ्यांवर घोंगडी घेऊन दारात बसतो.

वर्गात पुलेंग अजून त्रिकोण शिकवते. परवा मपासेका नावाच्या मुलीने विचारलं, "म्मे, पाया पुरला नाही तर काय करायचं?"

पुलेंगने फळ्यावर तीन नि दहाचा त्रिकोण काढला. तास संपल्याची घंटा झाली तरी ती तो पुसून पुन्हा काढत होती.